रुनस्केपमधली सुरुवातीची कोडी: पहिल्या तासाभरात खेळाडूला अडवावं का?

कौलारू

आम्ही तीन मित्र शनिवार-रविवार सांभाळून एक छोटा ऑनलाइन खेळ बनवतोय. ब्राउझरमध्ये चालणारा, बरेच खेळाडू एकाच जगात. सध्या एकाच मुद्द्यावरून आमचं वाजलंय: सुरुवातीच्या क्वेस्टमध्ये (म्हणजे खेळात मिळणाऱ्या कामगिरीत) कोडं असावं का? एकाचं म्हणणं, नवा माणूस अडला की टॅब बंद करतो. दुसरा म्हणतो, कोडं नसेल तर ती क्वेस्ट कसली, नुसता निरोप्याचा उद्योग.

मी रुनस्केप या जुन्या ऑनलाइन खेळावर वाढलेला प्राणी, त्यामुळे माझं माप तेच. त्यातली 'एर्नेस्ट द चिकन' आठवतेय का? ज्यांनी खेळलेली नाही त्यांच्यासाठी: ड्रेनॉर मॅनर नावाची भुताळी हवेली. बाहेर व्हेरोनिका उभी, तिचा होणारा नवरा आत गेलाय तो परत आलेला नाही. तुम्ही आत शिरलात की दार मागे धाडकन बंद. वर गेल्यावर कळतं की प्रोफेसर ऑडेनस्टाईनच्या यंत्रामुळे एर्नेस्टची कोंबडी झालीय. यंत्र दुरुस्त करायला तीन वस्तू हव्यात. रबरी नळीच्या खोलीची किल्ली बाहेरच्या खताच्या ढिगात पुरलेली. प्रेशर गेज कारंज्यात, पण कारंज्यात पिरान्हा, हात घातला की चावतात. स्वयंपाकघरात विष आहे, वर माशांचं खाद्य आहे, पुढचं तुम्ही समजलात. आणि तेलाचा डबा तळघरात, सहा लिव्हर आणि बऱ्याच दारांच्या पलीकडे.

माझ्या मते सुरुवातीच्या क्वेस्टमधलं हे सगळ्यात नेटकं कोडं. कोड्याचं सगळं सामान कोड्याच्या आतच आहे. बाहेरून काहीही आणावं लागत नाही, फावडंसुद्धा हवेलीतच मिळतं. चुकलं तर दोन दारं मागे जायचं, बास. याउलट 'डेमन स्लेयर'मध्ये एका किल्लीसाठी जादूगाराला २५ हाडं नेऊन द्यायची. हे कोडं नाही, हमाली आहे. 'पायरेट्स ट्रेझर'मध्ये तर एका रमच्या बाटलीसाठी जहाजाच्या फेऱ्या.

तर प्रश्न असा: सुरुवातीला कोडं घालावं का, आणि घालायचं तर कसलं? रुनस्केपच पाहिजे असं नाही, इतर खेळांचे अनुभवही लिहा.

बिनपाण्याची_हजामत

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

सुमी_डोंबिवली

असहमत. लिव्हरचं तळघर मला कधीच आवडलं नाही. सहा दांडे, ए ते एफ अशी नावं, आणि कुठल्या दांड्याचा कुठल्या दाराशी काय संबंध हे कुठेही सुचवलेलं नाही. त्या हवेलीत हे दांडे का आहेत? प्रोफेसर स्वतः तेलाचा डबा आणायला जाताना काय करतो? कोडं जगातून उगवलेलं वाटत नाही, वरून आणून ठेवलेलं वाटतं. म्हणूनच सगळे सरळ उत्तर बघून मोकळे होतात.

खरं चांगलं कोडं 'कुक्स असिस्टंट'मधली गिरणी. लम्ब्रिजच्या किल्ल्यात आचारी रडतोय, ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि सामान नाही. अंडं, दूध, पीठ आणा म्हणतो. अंडं कोंबड्यांपाशी पडलेलं, दूध गाईचं. पण पीठ कुठून आणणार? शेतातून गहू तोडायचा, गिरणीत सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन ओतायचा, तिथली कळ फिरवायची, आणि... काहीच होत नाही. हातात काही येत नाही. पीठ तळमजल्यावर पडलंय आणि ते घ्यायला रिकामं भांडं लागतं. ज्याने गिरणी कशी चालते याचा क्षणभर विचार केला त्याला कळतं. कोणी 'हे कोडं आहे' असं म्हणतसुद्धा नाही.

नलपाक

सुमीताईंना +१. आणि भांडं त्याच आचाऱ्याच्या स्वयंपाकघरात असतं, तिथून निघताना शेजारून जाता पण लक्ष नसतं. शिवाय गिरणी एकदा कळली की पुढे तुम्हाला भाकरी-पाव-केक सगळं करता येतं. कोडं सुटल्यावर वाया जात नाही. लिव्हरचं ज्ञान एर्नेस्टनंतर कुठे उपयोगी पडतं?

खवट_मास्तर

जरा थांबा. लिव्हरना नावं ठेवण्याआधी ते काय करतायत ते बघू.

सहा लिव्हर, प्रत्येक वर किंवा खाली. म्हणजे एकूण ६४ स्थिती. ऐकायला खूप वाटतं, पण तुम्ही ज्या खोलीत आहात तिथल्याच लिव्हरला हात लावू शकता, त्यामुळे कुठल्याही क्षणी तुमच्यापुढे दोन-तीनच पर्याय असतात. नवख्याला झेपेल इतकंच. त्यातली खुबी अशी की ए आणि बी सुरुवातीला खाली ओढले की पुढचं दार उघडतं, डी पर्यंत पोचता येतं, आणि तुम्हाला वाटतं की आता सगळेच खाली ओढत जायचे. तिथे गाडी अडते. पुढे जायचं तर मागे येऊन ए आणि बी पुन्हा वर करावे लागतात. जे केलं तेच उलटं करायचं. 'सगळं चालू करत जा' हा जो आपोआप सुचणारा नियम आहे, तो मोडल्याशिवाय तेलाचा डबा मिळत नाही.

मी वर्गात ग्राफ शिकवताना हेच तळघर फळ्यावर काढतो. स्थिती म्हणजे बिंदू, लिव्हर किंवा दार म्हणजे रेघ. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा जागी होतात.

सुमीताईंचा 'प्रोफेसर काय करतो' हा मुद्दा मात्र बिनतोड. याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिरळा_कावळा

प्रोफेसर नोकराला पाठवत असेल. म्हणून तर नोकर दिसत नाहीत आणि कोंबड्या जास्त आहेत.

सुमी_डोंबिवली

@तिरळा_कावळा वारले मी 😄

@मास्तर, फळ्यावर ते सुंदर दिसत असणार यात शंका नाही. पण तुमची मुलं नकाशा वरून बघतात. खेळात तो नकाशा नसतो, तुम्ही काळोख्या खोल्यांत असता आणि कुठलं दार उघडलं हे एकेक ढकलून बघावं लागतं. कोडं आणि चाचपडणं यात फरक आहे.

खवट_मास्तर

कागद-पेन्सिल घेऊन बसायचं, ताई. तेही खेळणंच.

पाचवा_भिडू

या धाग्यावर एक गोष्ट राहतेय. हे खेळ आपण कुठे बसून खेळलो?

मी नाशिकला सायबर कॅफेत खेळायचो. रुनस्केप जावावर ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करावं लागत नसे, म्हणून कॅफेवाल्यांचीही हरकत नसे. मेंबरशिपसाठी कार्ड लागायचं, ते कोणाकडे होतं? त्यामुळे फुकटातल्या क्वेस्ट हेच आमचं सगळं विश्व. घड्याळ लावून पैसे द्यायचे, म्हणजे अडून बसणं महाग. आणि शाळा मराठी माध्यमाची. आमच्यासाठी लिव्हर सोपे होते, कारण त्यात वाचायचं काही नव्हतं! खाली-वर, दार उघडलं, नाही उघडलं. अवघड होती ती 'प्रिन्स अली रेस्क्यू', जिथे काय काय गोळा करायचं हे लीला आणि ऑस्मानच्या लांबलचक बोलण्यात दडलेलं. आम्ही पटापट क्लिक करून संवाद उडवायचो आणि मग शेजारच्या मशीनवरच्या दादाला विचारायचो.

तो दादा हीच आमची विकी होती. त्याला सगळं माहीत असायचं, फक्त सांगायच्या आधी भाव खायचा.

तेव्हा @कौलारू, तुमचा खेळाडू कोण आहे ते आधी ठरवा. ज्याला वाचायचा कंटाळा किंवा अडचण आहे, त्याला संवादात लपवलेल्या खुणा म्हणजे भिंत. डोळ्यांना दिसणारं यंत्र सगळ्यांना चालतं.

अश्विनी_टोरांटो

प्रतिसाद आवडला. 'शेजारच्या दादाला विचारणं' हाच माझ्या मते ऑनलाइन खेळातल्या कोड्याचा आत्मा आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं उदाहरण देते. होर्ड या गटाच्या बाजूने खेळताना बॅरन्स नावाच्या प्रदेशात पोचलात की क्रॉसरोड्सला मॅनक्रिक नावाचा ऑर्क भेटतो. बायको लढाईत हरवली, शोधा म्हणतो. २००४ मध्ये खेळ आला तेव्हा नकाशावर खूण वगैरे काही नव्हतं. बॅरन्स प्रचंड, माळरानच माळरान. त्यामुळे त्या भागाच्या चॅटमध्ये अखंड एकच प्रश्न: मॅनक्रिकची बायको कुठाय? कोणी खरं सांगायचं, कोणी मुद्दाम भलतीकडे पाठवायचं. त्यावरचे विनोद लोक अजून करतात.

कोडं म्हणून बघितलं तर ती क्वेस्ट टाकाऊ. खूण धड नाही, मेंदूला काम नाही, नुसतं भटकणं. पण तिच्यामुळे अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली. २००९ च्या शेवटी ३.३ पॅचमध्ये क्वेस्टच्या जागा नकाशावरच दिसायला लागल्या. सोय झाली, मी स्वतः वापरली. पण चॅटमध्ये विचारायचं कारणच उरलं नाही.

लोणचंप्रेमी

मूळ धाग्यात 'पायरेट्स ट्रेझर'वर अन्याय झालाय. मी वकीलपत्र घेतो.

रेडबिअर्ड फ्रँकला करामजा बेटावरची रम हवी. बेटावर रम विकत मिळते. म्हणजे घ्या, जहाजात बसा, या परत? नाही! करामजाहून दारू बाहेर नेता येत नाही, तुमची बाटली जाते. इथे कोडं सुरू होतं, आणि ते कोणी कपाळावर चिकटवलेलं नाही. बेटावरून बाहेर काय जातं? केळी. लुथासच्या मळ्यात केळ्यांची पेटी भरायचं काम मिळतं, दहा केळी भरली की ३० नाणी मजुरी, आणि पेटी थेट पोर्ट सरीमच्या दुकानात रवाना. मग रम त्या पेटीत लपवायची. आता पेटी वायडिनच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, तिथे गिऱ्हाईकाला प्रवेश नाही. म्हणून नोकरी धरायची, नोकरीला पांढरा एप्रन लागतो.

एकेक पायरी बघा. प्रत्येक ठिकाणी अडवणारं कारण त्या जगातलं आहे आणि सुटकाही त्या जगातली. जकात, मळा, व्यापार, नोकरी. सुमीताईंच्या कसोटीवर हे एर्नेस्टपेक्षा शंभर पट खरं उतरतं. फेऱ्या होतात मान्य, पण फेऱ्या मारल्याशिवाय तस्करी होते का कधी?

तिरळा_कावळा

अनुभवी वाटता.

लोणचंप्रेमी

गोव्याहून परत येणारी बस आणि आंब्याची पेटी एवढंच सांगतो. बाकी वकिलाशी बोला.

सुमी_डोंबिवली

वा! या बाजूने कधी विचारच केला नव्हता. पटलं.

नलपाक

अवांतर: 'प्रिन्स अली रेस्क्यू'मध्ये वेषांतराच्या विगला पिवळा रंग द्यायला अॅगी चेटकीण दोन कांदे आणि पाच नाणी घेते. त्वचेच्या लेपाला रेडबेरी, पीठ, पाणी आणि राख. हा लेप नक्की कोणत्या ब्यूटी पार्लरमध्ये चालेल?

तिरळा_कावळा

राख आणि पीठ परवडेल. आमच्याकडे कांद्यावर क्वेस्ट अडकेल.

अश्विनी_टोरांटो

लासलगावची आठवण काढू नका, इथे किलोचा भाव ऐकलात तर तुम्हीच कोंबडी व्हाल.

रिकामा_डबा

धागा कांद्याकडे निघालाय म्हणून थोडा परत आणतो.

मला वाटतं सगळे एका गोष्टीला बगल देताय. आज कोणी कोडं सोडवतच नाही. ओल्ड स्कूल रुनस्केप घ्या. २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, २००७ च्या ऑगस्टमधल्या जुन्या प्रतीवरून. क्वेस्ट त्याच, पण माणसं बदलली. निम्म्या लोकांकडे रुनलाइट हा क्लायंट (खेळ चालवायचा वेगळा प्रोग्रॅम), त्यात क्वेस्ट हेल्परचं प्लगइन. ते कुठे जा, कोणाशी बोला, कुठला पर्याय निवडा, सगळं रंगवून दाखवतं. लिव्हरसुद्धा क्रमाने उजळतात. अशा जगात कौलारूंनी कितीही डोकं चालवून कोडं घातलं तरी आठवड्यात त्याचा तक्ता कुठेतरी पडणार. मग मेहनत कशाला? सरळ गोष्ट चांगली लिहा, पात्रं मजेशीर करा, कोडी विसरा.

खवट_मास्तर

@रिकामा_डबा, निम्म्या हा आकडा कुठून आला? असो, रोख कळला.

पण ज्या 'डेमन स्लेयर'ला धाग्यात हमाली म्हटलंय तिच्यातच याचं एक उत्तर आहे. शेवटी डेलरिथ राक्षसाला परत पाठवायला पाच शब्दांचा मंत्र म्हणावा लागतो. ते पाच शब्द सगळ्यांना तेच, पण क्रम प्रत्येक खेळाडूचा वेगळा. भविष्य सांगणाऱ्या अॅरिसने तुम्हाला सांगितलेला क्रम तुमचाच. विकीवर शब्द सापडतील, तुमचा क्रम नाही. लक्ष देऊन ऐकलंत तर ठीक, नाहीतर ऐन लढाईत पर्याय समोर आणि आठवत काही नाही.

अवघड मुळीच नाही. पण तक्ता निकामी होतो आणि तोही नवख्याला जाच न करता. २५ हाडांमागे हे झाकलं गेलं एवढंच.

रिकामा_डबा

आकडा तोंडचा होता, सोडून द्या. मंत्राचा मुद्दा चांगला आहे, पण प्लगइन तुमच्याच क्लायंटमध्ये बसलेलं असतं, तुम्हाला जो क्रम सांगितला तो त्यालाही वाचता येतो.

खवट_मास्तर

मग त्याला एप्रनपण घालू द्या.

मुळा_मुठा

मी पोटापाण्यासाठी गेम प्रोग्रॅमिंग करतो (मोबाइलवरचे पत्ते, काही ग्लॅमरस नाही), तेव्हा वेगळ्या बाजूने दोन शब्द.

एकट्याच्या खेळात लिव्हर ओढला, दार उघडलं, संपलं. ऑनलाइन जगात त्याच खोलीत अजून चार जण असतात. लिव्हर सगळ्यांचा एकच ठेवलात तर मी खाली करणार, शेजारचा वर करणार, आणि एखादा टारगट दिवसभर तिथे उभा राहून सगळ्यांची वाट लावणार. म्हणून ओल्ड स्कूलमध्ये लिव्हरची स्थिती खेळाडूगणिक साठवलेली असते. माझा खाली, तुमचा वर, दोघं एकाच तळघरात. दार तुम्हाला लागलेलं असतं आणि मी त्यातून चालत जातो. विचित्र दिसतं पण चालतं.

अर्थात त्यामुळे एक गोष्ट हातची जाते: दोघांनी मिळून सोडवायची मजा. अश्विनीताईंचा चॅटमधला गोंधळ हवा असेल तर काहीतरी सामाईक ठेवावं लागेल. पण पहिल्या तासाभरात सामाईक काही ठेवू नका. नवखा माणूस आणि टारगट माणूस एका खोलीत कोंडू नयेत.

अश्विनी_टोरांटो

सीक्रेट वर्ल्डने मधली वाट काढली होती. फनकॉम कंपनीचा खेळ, २०१२ चा. किंग्समाउथ या पहिल्याच गावात 'किंग्समाउथ कोड' म्हणून तपासाची मिशन आहे. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणांवर इल्युमिनाटीची खूण, तिच्या दिशेने चालत जायचं, पुढची खूण, त्याच्या पुढची. खेळातच ब्राउझर दिलेला, कारण काही उत्तरं खऱ्या इंटरनेटवर शोधावी लागत. म्हणजे तुम्ही गूगल करणारच ना, मग करा, तेच आमचं कोडं.

त्रास एवढाच की काही महिन्यांनी गूगलवर खरा संदर्भ सोडून त्या मिशनची उत्तरंच आधी दिसायला लागली.

पाचवा_भिडू

हे भारी आहे. उंदराने मांजर खाल्लं.

सुमी_डोंबिवली

नव्या क्वेस्टबद्दल कोणी बोललंच नाही. २०१९ मध्ये ओल्ड स्कूलमध्ये 'एक्स मार्क्स द स्पॉट' आली, मुद्दाम नवख्यांसाठी. लम्ब्रिजच्या खानावळीत व्हेओस भेटतो, चिठ्ठी देतो, खणत जायचं. एका चिठ्ठीवर निरर्थक अक्षरं असतात. प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवलेलं. मागे आणलं की निघतं ड्रेनॉरचा डुकरांचा कोंडवाडा. शाळेच्या वहीत आपण हेच करायचो. आणि पुढे खेळात ज्या क्लू स्क्रोल (खजिन्याकडे नेणाऱ्या खुणांच्या चिठ्ठ्या) येतात त्यांची ही रंगीत तालीम. नलपाक म्हणाले तसं, वाया न जाणारं कोडं.

त्याआधी २०१७ ची 'मिस्थालिन मिस्टरी'. बेटावरची हवेली, एकेक पाहुणा मरतोय, आणि बाहेरून काही न्यावं लागत नाही. तिथला पियानो वाजवून पुढे जायचं असतं. स्वर सांगत नाही, कोणाला खेळायची असेल. ही कौलारूंना एर्नेस्टपेक्षा आवडेल याची पैज.

कौलारू

@सुमी, पैज हरलो. काल रात्रीच खेळलो. पियानोपाशी मोठ्याने हसलो आणि बायको उठली.

लोणचंप्रेमी

फुकटातल्या क्वेस्टचा कळस म्हणजे 'ड्रॅगन स्लेयर', तिचं काय? आइस माउंटनवरची ऑरॅकल चार वस्तूंचं कोडं घालते: जादूगाराचं पेय, किड्याच्या धाग्याचं कापड, कवचवाल्याचा पिंजरा आणि आच न लागलेला वाडगा. शेवटचा सोडला तर डोक्याला ताप नाही. पण 'आच न लागलेला वाडगा' हे ज्याने कुंभाराच्या चाकावर माती घेऊन भट्टीत घालायच्या आधी थांबून पाहिलंय त्यालाच चटकन सुचतं. लॉबस्टरचा पिंजरा मासेमारी केलेल्याला. म्हणजे तोवर तुम्ही जे जगलात त्याचीच परीक्षा.

ही शेवटी ठेवली म्हणून चालते. हेच पहिल्या तासाभरात विचारलं असतं तर मीही टॅब बंद केला असता.

मुळा_मुठा

अगदी. पहिल्या तासात डोळ्यांसमोरच्या यंत्राचं कोडं, शेवटी अनुभवाचं.

कौलारू

मंडळी, दंडवत. मित्रांना धागा दाखवला. 'कोडं नको' म्हणणाऱ्याला गिरणी पटली, 'कोडं हवंच' म्हणणाऱ्याला रमची पेटी. माझे लिव्हर दोघांनीही नामंजूर केलेत, प्रोफेसर काय करतो याचं उत्तर आणल्याशिवाय.

सध्या ठरलंय ते असं: पहिली क्वेस्ट विहिरीवरच्या मोटेची. पाणी पाटाने तीन वाफ्यांत जातं, बांध फोडायचे आणि घालायचे, तिसऱ्या वाफ्यापर्यंत पाणी न्यायचं. मास्तरांचं 'जे केलं ते उलटं करा' यात आपोआप येतंय, कारण पहिल्या वाफ्याचा बांध पुन्हा घातल्याशिवाय पाणी पुढे सरकतच नाही. वाचायचं जवळजवळ काही नाही. बांध खेळाडूगणिक.

एकच घोळ: शेजारचा खेळाडू मोट हाकताना दिसतो, पण त्याचं पाणी मला दिसत नाही. कोरड्या पाटात उभा राहून तो खूश होतोय असं दिसतं. मुळा_मुठा, यावर काही तोडगा?

मुळा_मुठा

पाणी सगळ्यांना दाखवा, फक्त रोपं ज्याची त्याची ठेवा. आणि बैल दोघांना एकच द्या, नाहीतर सर्व्हरवर बैलांचा पोळा भरेल.

पाचवा_भिडू

बैलाला नाव काय?

तिरळा_कावळा

एर्नेस्ट.

बिनपाण्याची_हजामत

रुमाल उचलतोय. मला जे लिहायचं होतं ते सगळं मास्तरांनी लिहिलं. खेळाची लिंक कधी देताय?